धुऱ्यावरचा डबा

९ जुलै

अमरावतीच्या डॉक्टरनं सांगतलं, "आजी, साखर वाढली तुमची. रोज काय खाता ते लिहून ठेवत जा." मी चौथी शिकली. भाकर लिहता येते, वरण लिहता येते. पण सकाळी भाकर, संध्याकाळी भाकर, यात लिहासारखं काय? तरी माह्या पोरानं, खुशालनं, कृषी केंद्रातून फुकट भेटलेली डायरी आणून देली. वर फवारणीच्या औषधाचं चित्र आहे. अर्धं वर्ष कोरंच गेलं. आता इथून सुरू.

आज दोन भाकरी, अंबाडीची भाजी, बिनसाखरेचा चहा. बकऱ्यांनी माह्याहून चांगलं खाल्लं.

११ जुलै

घरात भांडण झालं. आमची गावाच्या वर चार एकर बरड आहे. मुरूम न् गवत, दुसरं काही नाही. लग्न होऊन आली तवापासून मी तिथं ढोरं चारते. आता सात बकऱ्या न् दोन गाई आहेत. खुशाल म्हणते, जेसीबी लावून सपाट करतो न् संत्रा टाकतो. त्यावर रागिणी उठली. रागिणी म्हणजे माह्या नातवाची, सागरची बायको. सागर अकोल्यात नोकरीले, शनिवारी येते. ही मोर्शीची पोरगी, बापाची संत्र्याची बाग, न् हीच म्हणते संत्रा नको.

"मामंजी, संत्र्याले पाणी लागते. बरडीत पाणी कुठं हाय? माह्या बाबानं बोअरवर बोअर मारले, खडक लागला नुसता."

तिचं म्हणणं असं की उताराले आडव्या ओळी पाडून अंजन, हिवर, बाभूळ लावाची. ओळींच्या मधात गवत. तीन वर्षं आत जनावर सोडाचं नाही, गवत कापून आणाचं. मंग झाडं मोठी झाली की ढोरं झाडाखाली चरतील, उन्हाळ्यात पाला न् शेंगा खातील. अकोल्यात शिकून आली ती हे.

मी म्हटलं, झाडाखाली गवत मरते.

"या झाडाखाली नाई मरत आजी. सावली पातळ असते याची."

खुशाल शेवटी म्हणे, "पुढच्या मृगापर्यंत पाहतो. अर्ध्याच्या वर रोपं जगली त राहू देईन. नाई त जेसीबी."

मले कोणी विचारलं नाही. मले झाडाचं काही नाही. पण संत्रा लागला की बकऱ्या विकाव्या लागतात, कारण बकरी न् बाग एका बांधावर नांदत नाही. म्हणून मी पोरीच्या बाजूनं बोलली. तिले वाटलं मले तिचं पटलं. वाटू देलं.

१८ जुलै

रोपं लागली. बोटाएवढी आहेत. याच्या सावलीत बसाले मले मुंगी व्हावं लागन.

चारही बाजूनं काट्याचं कुंपण केलं. माह्या बकऱ्या कोठ्यात बांधल्या. दिवसभर ओरडून राहिल्या. सरपंचीण सगळ्यात जास्त. ती माही मोठी बकरी, साऱ्या गावात फिरते न् सगळ्याच्या घरात तोंड घालते म्हणून ते नाव. तिचं दावं मी ढिलंच बांधते. गळा आवळला की मले पाहावत नाही.

धुऱ्यापलीकडून, म्हणजे दोन वावरांच्या मधातल्या बांधापलीकडून, वामनराव पाहत उभा होता. हा आमचा शेजारी, माह्या मालकाच्या बरोबरीचा. आमच्या दोघांच्या धुऱ्यावर एक जुना हिवर आहे. त्याच्या शेंगा बकऱ्यांले लय आवडतात. झाड दोघांचं, ज्याच्याकडे शेंग पडली ती त्याची, असं ठरलेलं. पण हा माणूस माह्या फांदीच्या शेंगा आकडीनं तिकडे ओढते. मी म्हटलं तर, "वयनी, वारा तिकडचा होता." वीस वर्षं झाली, याचा वारा एकाच बाजूचा.

५ ऑगस्ट

एक भाकर, बरबटीची उसळ. पाऊस-पाणी चांगलं आहे. गवत वर येऊन राहिलं.

वामनरावचीही बरड होती आमच्यासारखी. बारा वर्षांपूर्वी त्यानं जेसीबी लावून संत्रा टाकला. दोन उन्हाळ्यात वाळला. आता तिथं सोयाबीन पेरते, गोटे जास्त न् सोयाबीन कमी. ढोरं होती ती, चाराले जागा नाही म्हणून, एक बैल ठेवून सारी विकली. गावाच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीत जावं तर तिथं अर्ध्यात लोकांनी वावरं काढली न् आखरावर ग्रामपंचायतीचं सभागृह उभं. पहिले सकाळी साऱ्या गावाची ढोरं त्या आखरावर जमत. आता लग्नाची पंगत बसते. तेही चरणंच आहे म्हणा.

२ सप्टेंबर, पोळा

तोरणाखाली बैल थोडे न् मोबाईल जास्त. वामनराव त्याचा एकच पांढरा बैल रंगवून आला. मी म्हटलं, "अर्धी जोडी घेऊन आले काय भाऊजी?"

"अर्ध्यालेच खाले पुरत नाई वयनी, पुरी कुठून आणू?"

लोक हसले. बैलाच्या फासोळ्या मोजता येत होत्या. मी नाही हसली. मीच केलेली थट्टा न् माह्यावरच उलटली.

पुरणाची पोळी एक खाल्ली. डॉक्टर, काय करता करून घ्या.

२६ सप्टेंबर

बरडीत गवत मांडीएवढं झालं. खोटं काहून बोलू, असं गवत मी माह्या सासूच्या वेळी पाह्यलं होतं. रागिणी रोज दोन भारे कापून आणते.

आज पाहते त तिसरा भारा धुऱ्यावरून वामनरावच्या डोक्यावर!

"काय वं, माह्या बकऱ्यांच्या तोंडचं वाटून राहिली काय?"

"आजी, गवत उरून राहिलं. तो बैल भुकेला आहे."

"भुकेला आहे त त्याच्या मालकानं जेसीबी काहून लावला?"

तरी भारा रोज जाते. मी तोंड फिरवून बसते. बोलून उपयोग नसला की मी तोंड फिरवते, ते लवकर जमते.

३ नोव्हेंबर

पाऊस जाऊन महिना झाला. आता रोपांले पाणी द्यावं लागते. रागिणी घरच्या बोअरचं पाणी डोक्यावर नेते, पण चार एकराले एका पोरीचं डोकं किती पुरणार.

आज सकाळी वामनरावले पाह्यलं. तेलाचा पत्र्याचा डबा, पाच लिटरचा, कडी लावलेला, हातात घेऊन धुऱ्याकडे चालला होता. मले पाहून मान खाली घातली. काय करणार, डबा घेऊन चाललेल्या माणसाले कोण हाक मारते. मीही तोंड फिरवलं. पण सरकारनं घरोघरी संडास बांधून देला, न् याले अजून धुराच लागते. तोही आमच्या रोपाजवळचा.

१९ नोव्हेंबर

तीन रोपं कुरतडलेली भेटली. शेंडा साफ. बकरीचं काम आहे, दाताची खूण मी ओळखते. न् त्याच जागी काट्याले अडकलेलं सरपंचीणचं घुंगरू! माह्या लुगड्याच्या लाल काठात बांधलेलं, तेच.

मी सरळ समजली. वामनरावनं माहं घुंगरू चोरून कोण्या तरी पाव्हण्याच्या बकरीले बांधलं न् तिले आत सोडलं, म्हणजे नाव माह्या बकरीचं. हुशार माणूस. त्याच्याकडे बकरी नाही हे खरं, पण माणसानं ठरवलं की बकरी कुठूनही येते.

सरपंचीण कोठ्यात होती. दुपारी माहा डोळा लागला तवाही होती न् उघडला तवाही होती. मधातलं मले माहीत नाही, पण ती शहाण्यासारखी रवंथ करून राहिली होती.

८ डिसेंबर

आज तोंड मोकळं केलं. सकाळीच धुऱ्यावर गाठलं त्याले. हातात डबा होता.

"भाऊजी, घुंगराचं काय ते सांगा."

"कोणतं घुंगरू वयनी?"

"कोणतं म्हणे! अन् हे काय मांडलं? एक चक्कर नाही, चार-चार चकरा डबा घेऊन. घरी संडास कशाले बांधला, कोंबड्या ठेवाले?"

त्यानं हातातल्या डब्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे.

"सवय हाय वयनी. जात नाई लवकर."

"चार-चार वेळा म्हणजे सवय नाई, पोट बिघडलं. सुकवलेला बेल आहे माह्याकडे. पाठवते."

"पाठवा," म्हणे.

"अन् एक ऐका. तुमच्या धुऱ्याकडची ओळ हिरवी आहे त छाती फुगवून फिरू नका. तिकडची माती काळी आहे म्हणून. तुमचं काही कर्तृत्व नाही त्यात."

"नाई, नाई. माती काळीच हाय," म्हणे न् गेला.

घरी येऊन हे सांगतलं त रागिणी तोंडावर पदर घेऊन हसली. हसासारखं काय त्यात? माणसाचं पोट बिघडलं न् ही हसते. बेल मात्र तिच्याच हातानं पाठवला. वैर आहे, पण जीव जावा असं नाही.

३१ डिसेंबर

डायरी संपली. रागिणी म्हणे नवीन आणू. मी म्हटलं, समोरची पानं कोरी आहेत ना, जानेवारीपासून. तारीख तीच, वार फक्त चुकन. वाराचं मले काय कराचं.

आज भाकर, वांग्याचं भरीत. वामनराव बेल खाते म्हणे, पण चकरा चालूच आहेत. जुनं दुखणं दिसते.

१४ जानेवारी

तिळाचा लाडू अर्धा. अर्धा सरपंचीणले.

खुशाल बरडीत फिरून आला. वरच्या अंगाची रोपं बरीच मेली. मोठ्यानं म्हणे, "माय, जेसीबीवाल्याशी बोलून ठेवतो. ऐन वेळी भेटत नाई." रागिणी जेवली नाही. मी तिले म्हटलं, जेव. उपाशी राहून रोप उगवत नाही. मंग तिच्यासोबत मीही एक घागर नेली. गुडघे बोलून राहिले. पण बकऱ्या विकल्या त मी सकाळी उठून कुठं जाणार? देवळात बसून सुनांच्या तक्रारी ऐकणं मले जमत नाही.

२० फेब्रुवारी

अजून चार रोपांचे शेंडे गेले. वामनरावच्या धुऱ्याकडच्या ओळीतले नाही, आमच्या बाजूचे. बघा, स्वतःच्या बाजूचं कसं राखते.

त्याच्या विहिरीले पाणी कमी झालं म्हणे. बैलापुरतं राहिलं.

१६ मार्च

वामनराव विहिरीच्या काठावर घसरला. कमरेले लागलं. सकाळी सकाळी पाणी ओढाले गेला होता. या वयात, थंडीतून नुकतं निघालेलं अंग, काय गरज होती? त्याचा पोरगा कुंदन अकोल्याहून गाडी घेऊन आला न् बापाले घेऊन गेला. आता तिथंच ठेवणार. वावर ठोक्यानं दुसऱ्याले कसाले देणार.

जाताना कुंदन आमच्या दारात आला. बैल दोरीले धरलेला.

"काकू, बाबा म्हणते बैल तुमच्याकडे ठेवा. गवत आहे तुमच्याकडे."

"अन् हे काय हातात?"

तोच डबा.

"हाही वयनीले दे म्हणे. समजन त्याईले, म्हणे."

मले काय समजाचं! माह्या दारात संडासाचा डबा पाठवला. जाता जाता अपमान करून गेला म्हातारा. बैल ठेवला, बैलाची चूक नाही. डबा कुंपणाबाहेर उलटा टाकला.

४ एप्रिल

दुपारी कोठ्यात डोळा लागला नाही, गरम होत होतं. पाहते त सरपंचीणनं मान खाली घातली, कान मागे केले न् दाव्यातून डोकं काढून घेतलं, जशी सून डोक्यावरचा पदर काढते. मी मागे मागे गेली. कुंपणाले एका जागी खालून वाट पाडलेली, काटे बाजूले सारलेले. आत गेली न् शेंडा खाल्ला.

तिले हे कोणी शिकवलं कोण जाणे.

दावं आता गच्च बांधते.

१२ एप्रिल

ऊन कडक. धुऱ्याकडची ओळ सुकून राहिली. साऱ्या बरडीत तीच ओळ हिरवी होती न् तीच आता मान टाकून उभी. पाण्याचं म्हणावं तर आमी तिकडे पहिलेही पाणी देत नव्हतो, दूर पडते म्हणून. तरी हिरवी होती. आता महिन्याभरात काय झालं?

माती त तीच आहे. काळी.

रागिणीले विचारलं. ती म्हणे, "उन्हामुळे असन आजी." न् दुसरीकडे पाहू लागली.

१५ एप्रिल

रागिणी बाहेरून आली, हातात तो डबा. मी ओरडली, "टाक तो!"

"अवो आजी, चांगला आहे. पाहा, झाकणाले खिळ्यानं भोकं पाडली आहेत. उलटा केला की पाणी झारीसारखं पडते, रोपाची मुळं उघडी पडत नाईत."

मी हातात घेतला. भोकं बारीक, सारखी, गोलाकार. आतून गंज नाही. नुसता विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर.

१६ एप्रिल

दोन भाकरी. भेंडी.

१७ एप्रिल

एक भाकर. वरण.

१९ एप्रिल

धुऱ्याकडच्या ओळीले पाणी मी देते. बोअरवरून डबा भरते, बैल सोबत नेते, येताना त्याच्या खांद्यावर हात ठेवता येते. सकाळी चार चकरा होतात. गावातल्या बाया पाहतात. आज वामनरावच्या भावजयीनं विचारलं, "काय वो पार्बताबाई, डबा घेऊन कुठं रोज?"

मी म्हटलं, "सवय हाय."

२५ मे

हिवराच्या शेंगा पडून राहिल्या. आकडी मीच घेतली. आमच्या बाजूनं किती न् त्याच्या बाजूनं किती पडल्या ते पाह्यलं. त्याच्या बाजूच्या वेगळ्या पोत्यात भरल्या, बैलाच्या.

बैल आता भरला. फासोळ्या दिसत नाहीत. दुपारी हिवराखाली बसते. सरपंचीणचं घुंगरू त्याच्या गळ्यात बांधलं. तिले तसंही घुंगराशिवाय जास्त सोयीचं होतं.

९ जून

मृग लागला. आभाळ भरून आहे, पडला मात्र नाही.

खुशाल बरडीत गेला. मागे रागिणी, मागे मी. तो एकेक ओळ पाहत चालला. वरची अर्धी मेलेली. मधातली काही आहेत, काही नाहीत. रागिणीचं तोंड उतरत चाललं. मंग धुऱ्याकडची ओळ आली. एकही मेलेलं नाही. अंजनाले नवीन तांबडी पानं. बाभळीचे काटे माह्या बोटाएवढे. खुशाल त्या ओळीच्या शेवटापर्यंत गेला न् हिवराखाली बैलाजवळ उभा राह्यला. लय वेळ मनात जोडत होता.

"अर्ध्याच्या वर हाय," म्हणे. "या ओळीनं वाचवलं. माय, इकडची माती चांगली दिसते."

 रागिणी माह्याकडे पाहत होती. मी बैलाची गोचीड काढत बसली.

संध्याकाळी त्यानं जेसीबीवाल्याले फोन करून नाही म्हणून सांगतलं. रागिणी आत जाऊन रडली. रडू देलं. मी बकऱ्यांले चारा टाकला. साऱ्या बकऱ्यांले, एकही कमी नाही.

६ जुलै

अकोल्याले जाऊन आली. बडनेऱ्याहून गाडी. सागर स्टेशनवर घ्याले आला होता. तो म्हणे, आजी, डॉक्टरसाठी आली काय? मी म्हटलं, हो.

कुंदनचं घर तिसऱ्या माळ्यावर. वामनराव गॅलरीत खुर्चीवर बसलेला. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. एक झाड नाही दिसत तिथून. वाळला आहे.

"या वयनी. बैल कसा हाय?"

"हिवराखाली बसते. तुमच्या फांदीच्या शेंगा त्यालेच देल्या. घुंगरू बांधलं गळ्यात."

"घुंगरू भेटलं?"

"भेटलं होतं पहिलेच. बकरी माहीच, दावं सैल होतं."

 कुंदनच्या बायकोनं चहा आणला, मी बिनसाखरेचा मागतला. मंग वामनरावच म्हणे, "वयनी, तो बेल नव्हता पाठवाले पाहिजे तुमी."

"काहून?"

"पोट चांगलंच होतं माहं. तुमच्या बेलानं आठ-आठ दिवस हाल झाले."

"मंग खाल्ला काहून?"

"तुमी पाठवला म्हणून."

तो हसला, कंबर धरून. मीही हसली असन. 

मी म्हटलं, "खुशालनं जेसीबी नको म्हटलं. धुऱ्याकडची ओळ सारी जगली."

त्यानं मान हलवली. "माती काळी हाय तिकडची."

"हो," मी म्हटलं. "काळीच आहे."

उठताना सांगतलं, कंबर सुधरली की या. बसाले झाडाखाली जागा होईलच तवापर्यंत.

८ जुलै

रोपं आता माह्या कमरेएवढी झाली. गवत वर येऊन राहिलं. दोन वर्षांनी ढोरं आत सोडू, तोवर सरपंचीणचं दावं गच्च.

सकाळी एक भाकर, अंबाडीची भाजी. डबा अजून माह्याजवळच आहे. आता पावसात काम नाही त्याचं, पण कोठ्यात खुंटीले टांगला आहे, झाकण घासून. पाऊस संपला की लागन.

पुढचं पान उलटलं त ते भरलेलं निघालं. माहंच अक्षर, गेल्या सालचं. तिथंही दोन भाकरी न् अंबाडीच. आता लिहाले जागा नाही.